कोल्हापुरातली रफ कटची संध्याकाळ: दोनशे रुपयांत माझ्या फिल्मला काय मिळालं

आमच्या कोल्हापुरात एका छोट्या एडिटिंग स्टुडिओत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रफ कट, म्हणजे फिल्मचा कच्चा एडिट, दाखवायची संध्याकाळ असते. मी दोनदा जाऊन आले, फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये, दोन्ही वेळा माझीच फिल्म घेऊन, आणि तेव्हापासून ज्युनियर पोरं सारखी विचारतायत की जायचं का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. जागेचं नाव टाकत नाही कारण तिथं खुर्च्या वीसच आहेत आणि चालवणाऱ्या दादांना ओळखीतून येणारी माणसंच बरी वाटतात. कोल्हापुरात फिल्म शिकणाऱ्या कुठल्याही सीनियरला विचारा, पत्ता मिळेल.

आधी व्यवहाराचं. फिल्म वीस मिनिटांच्या आतली पाहिजे, आणणाऱ्याचे दोनशे रुपये, नुसतं बघायला येणाऱ्याला फुकट, चहा दोघांनाही. एका संध्याकाळी तीन फिल्म. प्रत्येकीला म्हणायला पाऊण तास, त्यात फिल्म बघणं पण आलं. दोनशे रुपये ऐकून मला पण पहिल्यांदा वाटलं होतं की मित्रांना फुकट दाखवता येतंय तर पैसे कशाला घालवायचे. ते का घालवायचे तेच आता सांगते, थोडं लांबण लागेल, कारण माझ्या फिल्मचं काय झालं ते सांगितल्याशिवाय या जागेची किंमत कळणार नाही.

माझी फिल्म गुऱ्हाळावरची आहे. फिक्शन, डॉक्युमेंटरी नाही. एक म्हातारा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, त्याचा मुलगा, आणि एक काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई. गुळव्याची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, रसाचा रंग बघून पाक कधी आला ते त्याला नीट कळेना झालंय, पण तो कुणाला सांगत नाही. एका रात्री काहील उतरवायला उशीर होतो, पाक पुढं जातो, गूळ काळा पडतो, आणि मुलाला कळतं की बापाला दिसत नाहीये. बस एवढीच गोष्ट. शूटिंग जानेवारीत आमच्या तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या गुऱ्हाळावर केलं, चार रात्री, चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, उजेडात. लहानपणापासून त्या चुलवाणापाशी बसून काकवी खाल्लीय, त्यामुळं फिल्म माझ्या अगदी जवळची आहे, आणि घोळ पण नेमका तिथंच झाला होता, ते पुढं येईलच.

पहिला कट झाला १७ मिनिटं ४० सेकंदांचा. नेहमीप्रमाणं आधी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन तासांत उत्तरं: "भारी", "नाद खुळा", "काटा आला अंगावर", तीन आगीचे इमोजी. मनापासून लिहिलेलं असतं ते, माझ्या मैत्रिणी आहेत त्या, त्यांना मी आवडते म्हणून फिल्म पण आवडते. पण त्यातल्या एकाही उत्तरावरून टाइमलाइनवर हात कुठं लावायचा ते कळत नाही. शिवाय सरळ व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, चुलवाणाच्या उजेडातले अंधारे शॉट सगळे चौकोन चौकोन दिसायला लागतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा जशाच्या तसा जातो.

मग क्लासमधल्या चौघांना लिंक दिली, फ्रेम डॉट आयओची. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, व्हिडिओ चढवायचा, लिंक पाठवायची, बघणारा जिथं थांबून कॉमेंट लिहील तिथला टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदाचा आकडा, आपोआप त्या कॉमेंटला चिकटतो, फ्रेमवर बोटानं गोल काढून पण दाखवता येतं. २०२१ पासून ते अडोबी कंपनीकडं आहे, त्यामुळं तिचं प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आतूनच कॉमेंट दिसतात. ही सोय चांगली आहे, मी आजपण वापरते. आवाज कुठं फुटतोय, कट एक फ्रेम उशिरा पडलाय, सबटायटलमध्ये ऱ्हस्व दीर्घ चुकलंय, या असल्या गोष्टींना याच्यासारखं काही नाही. मला चौघांच्या मिळून ६३ कॉमेंट आल्या. ६३! मला वाटलं आता फिल्म सुधारलीच. दोन रात्री जागून सगळ्या कॉमेंट निपटल्या, त्यातली एक होती की चिपाडाचा, म्हणजे रस काढलेल्या उसाचा, ढीग एका शॉटमध्ये उंच आणि पुढच्यात बुटका दिसतोय, त्या एका ढिगापायी मी शॉट क्रॉप कर, उलटा कर, काय काय केलं.

आणि फिल्म होती तिथंच राहिली. कारण थांबून थांबून बघणाऱ्याला कंटाळा येतच नाही. तो पॉज करतो, लिहितो, परत प्ले करतो, मधी आईला भाजी आणून देतो, परत येतो. त्याला तुकडे दिसतात, फिल्म दिसत नाही. जी फिल्म एका दमात अंधारात बघायची आहे ती एका दमात अंधारात बसून कशी वाटते, हे लिंकवरून कळायला काही मार्ग नाही, ते त्या सॉफ्टवेअरचं कामच नाही.

म्हणून शेवटी फेब्रुवारीच्या शनिवारी तिथं गेले.

जागा म्हणजे खाली झेरॉक्सचं दुकान, वर स्टुडिओ. एरवी तिथं लग्नाचे व्हिडिओ आणि गाण्यांचे अल्बम एडिट होतात. शनिवारी टेबलं भिंतीला सरकवतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात, पडदा सोडतात. भिंतीवर एका कागदावर स्केचपेननं आकडे लिहिलेत: भावना ५१, गोष्ट २३, लय १०, आणि खाली ७, ५, ४. हे वॉल्टर मर्च या अमेरिकन एडिटरचं आहे, कट कशासाठी मारायचा त्याचे सहा निकष त्यानं असे टक्क्यांत मांडलेत, वरच्यासाठी खालचा सोडावा लागला तर खुशाल सोडावा असं त्याचं म्हणणं. चार टक्के म्हणजे सेटवर वस्तू आणि माणसं कुठं होती त्याची कंटिन्युइटी. माझा चिपाडाचा ढीग त्या चार टक्क्यांत. फिल्म सुरू व्हायच्या आधी मी तो कागद वाचत उभी होते आणि पोटात गोळा आला होता, कारण दोन रात्री कुठं गेल्या ते तिथं भिंतीवर लिहिलेलं होतं.

आता पद्धत सांगते, खरा माल तिथंच आहे.

फिल्म दाखवायच्या आधी आणणाऱ्यानं काही म्हणजे काहीच बोलायचं नाही. फिल्म कशावर आहे, रंगांचं ग्रेडिंग बाकी आहे, म्युझिक टेंपररी आहे, काही नाही. नाव आणि लांबी एवढंच दादा सांगतात. फिल्म संपली की लाइट लागतात आणि सगळ्यांना एक अर्धा कागद मिळतो, त्यावर तीन प्रश्न. एक, काय घडलं ते चार ओळीत लिहा. दोन, मन कुठं भटकलं. तीन, कुठलं चित्र डोळ्यापुढं राहिलं. पाच मिनिटं सगळे गप्प बसून लिहितात. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. कसं वाटलं हा प्रश्न नाही, काय बदलावं हा तर मुळीच नाही.

मग दादा ते कागद मोठ्यानं वाचतात, नावं न घेता. त्यानंतर फिल्मवाल्यानं स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण साधे, ज्यात मत लपवलेलं नाही असे. "तो सीन एवढा लांब का ठेवलाय" हे चालत नाही, "त्या सीनमध्ये आम्हाला काय कळावं असं तुला वाटतं" हे चालतं. आणि सगळ्यात शेवटी मतं, ती पण विचारून, म्हणजे "मला आवाजाबद्दल एक मत आहे, सांगू का", आणि फिल्मवाला नको म्हणू शकतो. मला नंतर कळलं की हा क्रम लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये बसवलेल्या पद्धतीसारखा आहे, नाच, नाटक, लेखन सगळ्याच ठिकाणी ती वापरतात. दादांनी त्यात कागदाची भर घातली, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार आपल्याकडं पहिला माणूस जे बोलला तेच बाकीचे पुढं ओढतात. हे शंभर टक्के खरंय, आमच्या क्लासमध्ये रोज बघते मी.

तर माझे कागद. चौदा जण होते. तात्यांच्या गुऱ्हाळावर वाढलेल्या मला जे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं ते चौदापैकी तिघांना कळलं होतं. तिघंच! आणि ते तिघं करवीर आणि पन्हाळ्याकडचे, ज्यांनी गुऱ्हाळ बघितलेलं. बाकीच्यांनी काय लिहिलं होतं ऐका. "बाप थकलाय." "बाप आजारी आहे, बहुतेक दारू पितो." "बापानं मुद्दाम गूळ बिघडवला, कारण मालकावर राग आहे." नागपूरच्या एका मुलानं लिहिलं होतं, "मुलगा वडिलांवर का चिडला ते कळलं नाही पण दोघांचा अभिनय चांगला." ते दादा वाचत होते आणि मी खाली मान घालून वहीत लिहीत होते, हात थरथरत होता. फिल्मचा कणाच कुणाला दिसला नव्हता.

आणि दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर, सहाव्या ते नवव्या मिनिटात मन भटकलं. तिथं काय आहे? तिथं गुळव्या काहिलीशी उभा आहे, रस उकळतोय, तो बघतोय, पाण्याच्या तांब्यात थेंब टाकतोय, गोळी बोटात घेतोय, परत बघतोय. माझा सगळ्यात आवडता सीन. त्या सीनसाठी फिल्म केली म्हणा. मतांची वेळ आली तेव्हा चार जणांनी विचारून सांगितलं की तो सीन अर्धा करा, एकानं म्हणलं पूर्ण काढा, एकानं म्हणलं खाली म्युझिक टाका, आणि एका ताईनं सुचवलं की मुलाच्या आवाजात व्हॉइसओव्हर टाकून सांगा काय चाललंय ते.

मला रडू येईल असं झालं होतं. तेव्हा दादांनी सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला: "पाक बरोबर आला की गोळी कशी होते, हे आम्ही ह्याच्याआधी फिल्ममध्ये कुठं बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. कुठंच नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून सगळ्यांना माहीत असणार असं मी धरून चालले होते. पाक आला की थेंब पाण्यात टाकला तर बोटात मऊ गोळी वळते. पुढं गेला की गोळी कडक होते, तांब्याच्या काठावर आपटली तर टक् वाजते. गुळव्याचं पोर हे चालायला लागल्यापासून बघत असतं. पण ज्यानं गुळाची ढेप फक्त किराणा दुकानात बघितलीय त्यानं तीन मिनिटं एक माणूस वाफेत उभा असलेला बघायचा, आणि काय बरोबर काय चूक हेच माहीत नाही, तर त्याचं मन भटकणारच ना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं. सगळे बंब घेऊन सातव्या मिनिटाला धावत होते आणि आग लागली होती दुसऱ्या मिनिटाला.

मर्चनं पण हे सांगितलंय, की दुखणं कोपरात असतं पण शीर खांद्यात दबलेली असते, म्हणून प्रेक्षकांनी ज्या सीनवर बोट ठेवलं तोच सीन कापायला घेऊ नये, मागं जाऊन बघावं. हे वाचायला मी आधी वाचलं होतं. पण माझ्या फिल्मचे चौदा कागद समोर पडल्यावर ते पहिल्यांदा खरं कळलं. आणि हे पण लक्षात घ्या की त्या चौदा जणांचं चुकलं नव्हतं. कंटाळा आला तो खराच आला होता. सहा ते नऊ ही जागा पण खरी होती. फक्त त्यावरचे उपाय त्यांनी सुचवले ते ऐकले असते तर फिल्म गेली असती, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचलेलं नसतं तर मी ते ऐकलेच असते, घरी जाऊन निमूटपणे सीन अर्धा केला असता.

घरी गेल्यावर सगळं फुटेज परत काढलं. पहिल्या रात्री कॅमेरा टेस्ट करताना तात्यांच्या हाताचा एक शॉट घेतला होता, फिल्मसाठी नव्हेच, फोकस बघायला. थेंब तांब्यात पडतो, तात्या दोन बोटांत गोळी वळतात, मऊ, ती दाबली जाते, आणि मागून तात्यांचा आवाज, "हं, घ्या आता." आणि यारीनं, म्हणजे उचलायच्या क्रेननं, काहील उचलली जाते. नऊ सेकंद. तात्यांचा हात आणि माझ्या नटाचा हात वेगळा, पण वाफेत कोण बघतंय, आणि बघितलं तर बघू दे, भिंतीवरचे चार टक्के आठवले मला. ते नऊ सेकंद मी दुसऱ्या मिनिटाला टाकले, मुलगा लहान असतानाची आठवण म्हणून नाही, सरळ आदल्या दिवशीची काहील म्हणून.

मग सातव्या मिनिटाला जिथं उशीर होतो तिथं फक्त आवाजाला हात लावला. कडक गोळी तांब्याला आपटते तो टक् आवाज आमच्याकडं होता, पण चुलवाणाच्या घोंघाटाखाली दबून गेला होता. चुलवाण थोडं खाली घेतलं, टक् वर काढलं, आणि त्याच्यानंतर दोन सेकंद मुलाचा चेहरा. सीनमधून कापलं ते फक्त चाळीस सेकंद. बाकी कुठं कापलं विचाराल तर सुरुवात. पन्नास सेकंदांचा उसाच्या फडावरचा ड्रोन शॉट होता, त्याला भाड्यापायी अडीच हजार गेले होते, तिसऱ्या प्रश्नाला चौदापैकी एकानंही तो लिहिला नव्हता. सहा जणांनी लिहिलं होतं ते आईचा हात, स्टीलच्या डब्यात काकवी ओतून झाकणाला चिकटलेली बोटानं पुसणारा, जो शॉट मी असाच मधी टाकला होता. ड्रोन गेला. एसटीतला प्रवास गेला. आईचा हात शेवटाकडं नेला. नवा कट १५ मिनिटं २० सेकंद.

व्हॉइसओव्हर मी टाकला नाही, म्युझिक पण नाही. ताईंचं म्हणणं पटलं नाही म्हणून नव्हे, त्यांना नेमकं काय कमी पडलं ते कळलं म्हणून. त्यांना माहिती हवी होती, ती हातातून मिळाली तर आवाजाची गरज काय.

मार्चला परत गेले. या वेळी बारा जण. त्यातले चौघं आधी बघितलेले, त्यांना दादा मागच्या रांगेत बसवतात आणि त्यांचे कागद वेगळे ठेवतात, कारण ज्यानं जुना कट बघितलाय तो नवीन फिल्म बघतच नाही, तुलना बघतो. ही किती बारीक गोष्ट आहे, पण मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मोजायचे आठच. आठपैकी सात जणांनी पहिल्या प्रश्नाला लिहिलं की बापाला दिसेनासं झालंय आणि पोराला ते कळलं. मन कुठं भटकलं, तर या वेळी चौघांनी लिहिलं कुठंच नाही, दोघांनी लिहिलं बाजार समितीतला सीन, तो खरंच सैल आहे, मला स्वतःलाच बघताना जाणवलं. सातव्या मिनिटाचं नाव एकानंही काढलं नाही. तो सीन तीन मिनिटांचा होता तो आता दोन मिनिटं वीस सेकंदांचा आहे, म्हणजे सुचवल्यासारखा अर्धा काही झालेला नाही.

तात्यांना पण घेऊन गेले होते या वेळी. त्यांनी कागद भरला नाही, म्हणाले मला काय विचारता. पण टक् वाजलं तेव्हा अंधारात ते एकदम म्हणाले, "गेली काहील." आणि त्यांच्या शेजारी बसलेली ठाण्याची मुलगी, जी आयुष्यात गुऱ्हाळावर गेली नाही, तिनं त्याच वेळी "अरेरे" केलं. मी मागं भिंतीला टेकून उभी होते, दोन्ही ऐकलं.

आता कमी काय ते पण लिहिते, नुसतं कौतुक लिहून कुणाचा फायदा नाही.

प्रोजेक्टर जुना आहे आणि अंधारे शॉट खाऊन टाकतो. माझी फिल्म बहुतेक रात्रीची, त्यामुळं पहिल्या वेळी दोन शॉटमध्ये मुलाचा चेहरा दिसलाच नाही, आणि चेहरा न दिसल्यामुळं किती जणांना गोष्ट कळली नाही हे सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी मी तिथं दाखवायला म्हणून वेगळी फाइल नेली, थोडी उजळ केलेली. तुमची फिल्म अंधारी असेल तर हेच करा.

वेळ पाळत नाहीत. साडेपाच म्हणजे सव्वासहा. आणि तिसरा नंबर आला तर तुमचं बोलणं निम्म्यावर येतं, फेब्रुवारीत मला पुरा पाऊण तास मिळालाच नाही, त्यात फिल्मच सतराची, हिशोब करा. दादांचा तो प्रश्न तर सगळे चपला घालायला लागले होते तेव्हा आला. गावाकडं जाणाऱ्यांची शेवटची गाडी पण चुकते. म्हणून फॉर्म भरताना पहिला नाहीतर दुसरा नंबर मागून घ्या, सरळ सांगा तसं.

कागदावरचे प्रश्न इंग्लिशमध्ये छापलेत. बहुतेक जण उत्तरं मराठीत लिहितात तरी प्रश्न इंग्लिशमध्ये, हे मला बिलकूल पटलं नाही. तात्यांसारखा माणूस कागद बघूनच बाजूला ठेवतो. मी दादांना म्हणलं तर म्हणाले बदलतो, मार्चला तरी बदललेले नव्हते. जिना पण उभा आणि अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसांना न्यायचं तर हात धरायला कुणीतरी पाहिजे.

आणि नियम मोडले जातात. फेब्रुवारीत एक वयानं मोठे पाहुणे होते, त्यांनी परवानगी वगैरे न विचारता दहा मिनिटं लेन्सवर भाषण दिलं, ही फिल्म मी कशी केली असती ते सांगितलं. दादांनी त्यांना थांबवायला पाहिजे होतं, वयाचा मान राखून थांबवलं नाही. समोर बसलेल्या विद्यार्थ्याची वेळ जाते त्यात, दोनशे रुपये त्याचे आहेत. क्रम चांगला आहे म्हणूनच तो पाळायला कुणीतरी कडक माणूस लागतो.

जाणाऱ्यांना माझ्याकडून सांगायचं तर पहिली गोष्ट, एक महिना आधी नुसतं बघायला जा. फुकट आहे आणि मला विचाराल तर निम्मं शिकणं तिथंच आहे. मार्चला एका मुलीची कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कुटुंबावरची डॉक्युमेंटरी होती, मी विचारून म्हणलं की इंटरव्ह्यू लांब वाटला, तर दादांनी मला विचारलं, कुठल्या वाक्याला वाटला? मला सांगता येईना. परत आठवून आठवून बघितलं तेव्हा कळलं की इंटरव्ह्यू लांब नव्हता, ते काका चामडं भिजवण्याबद्दल बोलत होते आणि आम्ही भिजवलेलं चामडं बघितलेलंच नव्हतं. म्हणजे माझाच घोळ, दुसऱ्याच्या फिल्ममध्ये. स्वतःच्या फिल्ममध्ये जे दिसायला मला चौदा माणसं लागली ते दुसरीच्या फिल्ममध्ये पाच मिनिटांत दिसलं.

बरोबर एक माणूस न्या जो लिहून घेईल, कारण तुम्ही ऐकत असता तेव्हा कानात निम्मं शिरत नाही, पुढचं वाक्य लागेल की काय याचीच धास्ती असते. फोनवर रेकॉर्ड करायचं तर सगळ्यांना विचारून करा. पेन ड्राइव्ह दोन न्या. १०८० ची साधी एच २६४ फाइल चालते, आणि कोपऱ्यात टाइमकोड छापून न्या, रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये पण डेटा बर्न-इनमधून होतं ते, बारीक ठेवा म्हणजे नजर तिकडं जात नाही. आणि कुणी काही म्हणलं तर "अहो ते पुढं करणारच आहे मी" असं म्हणू नका. मी एकदा म्हणले आणि ज्या मुलानं सांगायला सुरुवात केली होती तो गप्पच बसला, त्याचं पुढचं वाक्य काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

लांबच्यांनी विचारलं की आमच्याकडं असं काही नाही, तर काय करायचं. यातलं जे खरं काम करतं त्याला स्टुडिओ लागत नाही. एक खोली, एक टीव्ही, तुमच्या ओळखीची नसलेली आठ माणसं, अर्धे कागद, आणि सांभाळायला तुम्ही सोडून दुसरं कुणीतरी. आठ अनोळखी माणसं जमवणं हेच अवघड, दोनशे रुपये मी खरं त्याचेच दिले असं समजते. या गावात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि आज कोल्हापुरात फिल्म शिकणाऱ्या पोराला कच्ची फिल्म चार अनोळखी माणसांना दाखवायची तर झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली आहे. ती आहे हे मला फार मोठं वाटतं. दादा तिथून एक रुपया कमवत नसणार, चहालाच जातात पैसे.

पाचपैकी चार देते. एक तारा प्रोजेक्टरचा आणि वेळेचा कापला, मराठी कागद छापला तर अर्धा परत देईन. माझा बाजार समितीचा सीन अजून सैल आहे, या आठवड्यात परत बसणार आहे त्याच्यावर, आणि एप्रिलच्या शनिवारी पहिला नंबर मागून ठेवलाय. या वेळी खोलीत एकही ओळखीचं नको आहे मला, तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी गुऱ्हाळ कधी बघितलेलं नसेल आणि त्या दिवशी कोल्हापुरात असाल तर या बघायला, साडेपाच म्हणतात, सव्वासहाला सुरू होतं.